चोवीस वर्षांचं प्रो-ई आणि नव्या मुलांचं सॉलिडवर्क्स

प्रश्न थोडक्यात : भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूमचे, म्हणजे कारखान्यांसाठी साचे आणि डाय बनवणाऱ्या वर्कशॉपचे, डिझाइन हेड लिहितात. वय 47, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. 1998 साली ऑटोकॅड आर-14 वर ड्राफ्ट्समन म्हणून सुरुवात केली, 2001 पासून प्रो-ई हे त्रिमितीय डिझाइनचं सॉफ्टवेअर, म्हणजे आताचं क्रिओ. हाताखाली नऊ डिझायनर; प्रेस टूल (पत्रा कापणारे, वाकवणारे साचे) आणि वेल्डिंग फिक्स्चर (वेल्डिंगच्या वेळी भाग जागेवर धरणारी साधनं) यांची कामं. मालकांचा मुलगा आता धंद्यात आलाय. नवी मुलं सॉलिडवर्क्स हे दुसरं सॉफ्टवेअर शिकूनच येतात, म्हणून त्याला सगळं ऑफिस सॉलिडवर्क्सवर न्यायचंय. एक मोठा ग्राहक कॅटिया या तिसऱ्याच सॉफ्टवेअरच्या फायली मागतो, ती डोकेदुखी वेगळीच. "महिन्याभरात तुम्हीच अहवाल द्या," असं मालकांनी सांगितलंय. ऑफिसात दोन तट पडलेत, जेवणाचे डबेही दोन टेबलांवर उघडतात. सहा वर्षांपूर्वी ज्याला शिकाऊ म्हणून घेतलं, प्रेस टूल म्हणजे काय हे ज्याला हाताला धरून शिकवलं, तो मुलगा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, क्रिओ आता संग्रहालयात ठेवायचं सॉफ्टवेअर आहे." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "क्रिओ सरस आहे हे मी सिद्ध करू शकतो. पण सिद्ध करावं, की गप्प बसून नोकरी सांभाळावी? आणि या वयात पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची का?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सॉफ्टवेअरसाठी, दुसऱ्यांदा त्या डब्यांच्या टेबलांसाठी. मीही तीस वर्षं डिझाइन ऑफिसात काढली आहेत, त्यामुळे जेवायला वेगळं बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चेकिंगला आलेलं ड्रॉइंग मग कुणी नीट बघत नाही, "त्याचं त्याने बघावं" असं होतं, आणि चूक थेट वायरकटवर, म्हणजे धातू कापायच्या मशीनवर, जाऊन कळते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर लवकर सापडायला हवं, आणि ते फक्त पॅकेजच्या नावात नाहीये.

आधी "शून्यापासून" या शब्दाकडे बघू. तुमच्या पत्रातला सगळ्यात जड शब्द तोच आहे आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचाही तोच.

तुम्ही 2001 मध्ये प्रो-ई धरलंत तेव्हा उजव्या बाजूला मेनू मॅनेजरची ती उतरंड असायची. एकाखाली एक मेनू उघडत जायचा आणि प्रत्येक पायरीला "डन" दाबावं लागायचं. मग वाइल्डफायर ही नवी आवृत्ती आली, ती उतरंड बरीचशी गेली, डॅशबोर्ड आला. 2011 मध्ये नाव बदलून क्रिओ झालं आणि वर रिबन आली. प्रत्येक वेळी तुमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालंच असेल, की जुनं बरं होतं. त्याआधी तुम्ही ऑटोकॅडच्या रेषांवरून सॉलिडवर, म्हणजे त्रिमितीय मॉडेलवर, आला होतात, आणि ती उडी तर या सगळ्यांपेक्षा मोठी होती. एकाच सॉफ्टवेअरवर चोवीस वर्षं काढली असं तुम्ही लिहिता, पण मी मोजलं तर तुम्ही तीन वेळा नव्याने शिकला आहात आणि तिन्ही वेळा कामावर राहून शिकला आहात.

आता हाताचं बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. क्रिओमध्ये मधलं बटण दाबून मॉडेल फिरवता, शिफ्ट धरून सरकवता, कंट्रोल धरून लहानमोठं करता. सॉलिडवर्क्समध्ये मधल्या बटणाने फिरतं तसंच, पण शिफ्ट आणि कंट्रोल यांची कामं नेमकी उलटी. म्हणजे तुम्ही डाय प्लेट डावीकडे सरकवायला जाल आणि ती अंगावर आल्यासारखी मोठी होईल. पहिले पंधरा दिवस हे दिवसातून शंभर वेळा होणार. प्रत्येक वेळी पलीकडच्या टेबलावरचा तो मुलगा बघतोय असं वाटणार. मग तुमच्या मॅपकी, म्हणजे तुम्ही बनवलेले कीबोर्डचे शॉर्टकट. दोन अक्षरं टाइप केली की लेयर लपतात, तीन अक्षरं टाइप केली की ड्रॉइंग शीट तयार होतं, अशा किती मॅपकी तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये वर्षानुवर्षं साठल्या असतील! त्या जातील. हे नुकसान खरं आहे. "त्यात काय, महिन्यात शिकाल," असं म्हणून मी ते उडवून लावणार नाही. हाताची सवय हीसुद्धा कमावलेली गोष्ट असते.

पण शीट 1.6 मिलिमीटरची 2 मिलिमीटर झाली की पंच (पत्र्यात घुसणारा भाग) आणि डाय (खालचा, भोकाचा भाग) यांमधला क्लिअरन्स बदलतो, भोक पाडायचं असेल तर मापाचा मालक पंच आणि ब्लँक काढायचा असेल तर डाय, स्ट्रिप लेआउटमध्ये पायलट (पट्टी जागेवर आणणारी पिन) कुठल्या स्टेशनला घ्यायचा, स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारी प्लेट) उचलल्यावर ऑपरेटरची बोटं कुठे असतील, हे त्या कॉन्फिग फाइलमध्ये नाही. ते तुमच्यात आहे. जगातलं कुठलंही पॅकेज हे आपणहून सांगत नाही. कमांडची नावं बदलतील एवढंच. तुम्ही ज्याला राउंड म्हणता त्याला ते फिलेट म्हणतील. तुमचं एक्स्ट्रूड सॉलिडवर्क्समध्ये बॉस होईल आणि कॅटियात पॅड. तुम्ही रिजनरेट करता, ते रिबिल्ड करतात. नागपूरकडचा माणूस सांबार आणायला सांगतो तेव्हा त्याला कोथिंबीर हवी असते. पुण्याच्या भाजीवाल्याला ते समजायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा जास्त वेळ इथे लागेल.

तेव्हा शून्य नाही. हात काही महिने अडखळेल, डोकं नाही.

आता तुमचं दुसरं गृहीतक. "क्रिओ सरस आहे हे मी सिद्ध करू शकतो." करालही. मोठी असेंब्ली स्केलेटनवरून, म्हणजे मुख्य मापांच्या सांगाड्यावरून, वरून खाली बांधायची आणि एक माप बदललं की शेवटच्या डॉवेलपर्यंत ते उतरलं पाहिजे, ही शिस्त प्रो-ईनेच आपल्या पिढीला लावली. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण तो मुलगाही त्याचं सिद्ध करेल. सॉलिडवर्क्स लवकर हाताला बसतं, त्यात शीट मेटल सुटसुटीत आहे, नवा माणूस आठवड्यात कामाला लागतो. दोघांचंही खरं असेल, आणि मालकांच्या टेबलावर मात्र काहीच सिद्ध झालेलं नसेल. कारण "सरस कुठलं" हा प्रश्न "कुठल्या कामाला आणि कुणाला देण्यासाठी" हे जोडल्याशिवाय पुराच होत नाही.

या लढाईचा इतिहास थोडा बघा, मन हलकं होईल. सॅम्युअल गाइसबर्ग यांनी 1985 मध्ये पीटीसी काढली आणि काही वर्षांत प्रो-इंजिनिअर बाजारात आणलं. तेव्हा तेच नवखं, उद्धट पोर होतं. जुन्या लोकांना मापावर चालणारी मॉडेल्स म्हणजे खेळ वाटायचा. मग जॉन हर्शटिक यांनी 1993 मध्ये कंपनी काढली आणि 1995 च्या अखेरीला सॉलिडवर्क्स आणलं. साध्या विंडोजवर चालणारं, किंमत 3,995 डॉलर. त्या वेळी प्रो-ई मुख्यतः युनिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर चालायचं, त्याची एक सीट, म्हणजे एका माणसाचं लायसन्स, याच्या कितीतरी पट पडायची. दोनच वर्षांत, 1997 मध्ये, कॅटियावाल्या दासो सिस्टिम्सने सॉलिडवर्क्स विकत घेतलं. म्हणजे तुमच्या ऑफिसात जी दोन नावं ग्राहकाच्या आणि मालकांच्या मुलाच्या तोंडी आहेत, ती एकाच घरातली आहेत. पुढे त्याच हर्शटिक यांनी ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेप उभं केलं, आणि 2019 मध्ये ते घेतलं कुणी? पीटीसीने. प्रो-ईला घाम फोडणारा माणूस प्रो-ईच्याच घरात आला.

त्याहून आतली गोष्ट सांगते. सॉलिडवर्क्समध्ये ब्लॉकमधून भोक वजा होतं, ती वजाबाकी करणारं गणिती इंजिन, ज्याला कर्नल म्हणतात, त्याचं नाव पॅरासॉलिड. हे पॅरासॉलिड सीमेन्सच्या मालकीचं. आणि सीमेन्स स्वतः त्याच इंजिनावर एनएक्स आणि सॉलिड एज विकते, म्हणजे सॉलिडवर्क्सचे थेट प्रतिस्पर्धी. बाजारात एकमेकांचे ग्राहक ओढणाऱ्या कंपन्या तळघरात एकच इंजिन वापरतात, रीतसर पैसे देऊन. आणि या पीटीसी, दासो आणि सीमेन्स तिघांचीही सॉफ्टवेअर घडवणारी मोठी ऑफिसं आपल्या पुण्यात आहेत. तिथली मुलं एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातात आणि आदल्या वर्षीच्या प्रतिस्पर्ध्याचा कोड लिहायला लागतात. ज्यांचं हे भांडण आहे त्यांनी ते धंद्यापुरतं ठेवलंय. तुमच्या ऑफिसात ते डब्यांपर्यंत पोचलं, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या मालकांच्या मुलाचा मुद्दा मात्र हलका समजू नका. नवीन मुलं सॉलिडवर्क्स शिकून येतात हे खरं आहे आणि माणसं मिळणं हा टूलरूमचा जीव आहे. फक्त त्याला एक उपप्रश्न विचारा, रागाने नाही. सॉलिडवर्क्स येणारा मुलगा तुमच्याकडे क्रिओवर कामाला लागायला किती दिवस लागतात? आणि त्याच मुलाला एक प्रोग्रेसिव्ह टूल (पट्टी पुढे सरकत टप्प्याटप्प्याने भाग तयार करणारं प्रेस टूल) एकट्याने सोडवायला किती? पहिलं तुमच्या अनुभवात काही आठवड्यांचं काम असेल, दुसरं काही वर्षांचं. पॅकेज बदलून पहिला आकडा घटेल, दुसरा तसाच राहील. हा हिशेब तुमच्याकडच्या गेल्या पाच भरत्यांवरून काढा आणि अहवालात घाला.

अहवालाची सुरुवात मी तुमच्या जागी अशी केली असती : "मी 24 वर्षं प्रो-ई आणि क्रिओ वापरतो आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असू शकतो, म्हणून पुढची चाचणी मी एकट्याने केलेली नाही." हे वाक्य लिहायला जड जाईल. पण ते लिहिलंत की तुमच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी करू शकणार नाही, आणि पुढचं सगळं लोक लक्ष देऊन वाचतील.

मग ग्राहक. गेल्या दोन वर्षांच्या जॉबची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, की शेवटी त्यांच्याकडे काय गेलं. पीडीएफ ड्रॉइंग, स्टेप फाइल (कुठल्याही पॅकेजमध्ये उघडणारी), की मूळ पॅकेजची फाइल? पुष्कळ टूलरूममध्ये ही यादी कुणी कधी केलेलीच नसते, आणि ती केली की अर्धं भांडण तिथेच संपतं. कॅटिया मागणाऱ्या ग्राहकाला लेखी विचारा : फीचर ट्रीसकट (मॉडेल कसं बांधलं त्या पायऱ्यांसकट) हवं की फक्त भूमिती चालेल, आणि कॅटिया व्ही-5 चं कुठलं रिलीज? खरेदी विभागाच्या पत्रात "कॅटिया" लिहिलेलं असतं आणि शॉपवरच्या माणसाला स्टेप पुरते, असं मी अनेकदा पाहिलंय. रिलीज विचारायचं कारण, नव्या रिलीजमध्ये केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. त्यांना खरोखरच ट्रीसकट हवी असेल, तर त्या एका ग्राहकापुरती कॅटियाची एक सीट, किंवा तेवढं काम बाहेरच्या डिझाइन ब्युरोकडून. त्यासाठी नऊ जणांना कॅटियावर नेण्याची गरज नाही.

ग्राहक कशावरून ठरवतात याचंही एक उदाहरण लक्षात ठेवा. 2010 मध्ये मर्सिडीजवाल्या डाइमलरने जाहीर केलं, की आम्ही कॅटिया सोडून एनएक्सवर जाणार. जगभरच्या पुरवठादारांच्या पोटात गोळा आला. त्यामागे मुख्य कारण काय होतं? त्यांची डेटा सांभाळणारी व्यवस्था आधीपासून सीमेन्सच्या टीमसेंटरवर उभी होती. कॅटियाच ठेवायची तर ती व्यवस्था उखडावी लागली असती. कॅटियाचे सरफेस वाईट म्हणून हा निर्णय झाला नव्हता. मोठ्या घरचे निर्णय असे दुसऱ्याच खोलीत होतात. म्हणून तुमच्या अहवालात "उद्या मुख्य ग्राहक बदलला तर?" हा परिच्छेद असू द्या. आज एका पॅकेजवर सगळं बांधून ठेवणं आणि फायली दुसऱ्याला देता येतील अशा ठेवणं यांत दुसरं जास्त कामाचं.

आता चाचणी. विक्रेते येऊन डेमो देतील, त्यात एक सुंदर ब्रॅकेट दहा मिनिटांत उभा राहील. त्याने भुलू नका. तुमचाच एक पूर्ण झालेला जॉब घ्या, फार मोठा नको, चार-पाच स्टेशनचं प्रोग्रेसिव्ह टूल. तेच दोन्हीकडे करायचं. पण घड्याळ पहिल्या मॉडेलला लावू नका. मॉडेल पुरं झालं, ड्रॉइंग आणि बीओएम (भागांची यादी) निघाली, की मगच ग्राहकाचा बदल आला असं धरा : शीट 1.6 ची 2 मिलिमीटर, एक भोक 6 मिलिमीटर सरकलं, एक बेंड उलटला. घड्याळ आता लावा. क्लिअरन्स, पंच, डाय इन्सर्ट, स्ट्रिपरची भोकं, ड्रॉइंगवरची मापं, बीओएममधलं मटेरियल, सगळं नीट अपडेट होऊन शीट पुन्हा सहीला यायला किती वेळ लागला? किती फीचर लाल झाली, म्हणजे बदलात मोडली? आपल्या धंद्यात पैसा नवीन मॉडेलपेक्षा या बदलांत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि यातली अट अशी, की सॉलिडवर्क्सवर तुम्ही बसायचं आणि क्रिओवर तो मुलगा. आधी दोघांना दोन-दोन आठवडे सरावाला द्या. वेळेची तुलना सरळ होणार नाही हे मान्य, म्हणून प्रत्येक पॅकेज रोज वापरणाऱ्या एकेकाकडूनही तेच काम करून घ्या आणि दोन्ही आकडे ठेवा. पण तुमच्या दोघांच्या त्या अदलाबदलीतून जे कळेल ते कुठल्याच आकड्यात येणार नाही.

जुन्या डेटाचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. चोवीस वर्षांची टूल्स सर्व्हरवर असतील, प्रत्येक सेव्हला एकेक नवी फाइल : .पीआरटी.1, .पीआरटी.2, पार .पीआरटी.40 पर्यंत. "कन्व्हर्ट करून घेऊ" असं कुणी सहज म्हणेल. बहुतेक पॅकेजं आता एकमेकांच्या फायली उघडतात, स्टेप तर सगळेच घेतात. पण पलीकडे जातो तो फक्त आकार. फीचरची ट्री, मापांची नाती, तुम्ही त्यात घातलेला विचार मागेच राहतो आणि हातात मुका सॉलिड येतो. त्यातून फीचर ओळखून देणारी साधनं आहेत. सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स तर जिओमेट्रिक या भारतीय कंपनीनेच केलेलं. पण ती साध्या भागांवर चालतात, गुंतागुंतीच्या डाय इन्सर्टवर हात टेकतात. म्हणून सगळं कन्व्हर्ट करण्याचा घाट घालूच नका. आत्ताच, कुठलाही निर्णय होण्याआधी, मंजूर झालेल्या प्रत्येक टूलची स्टेप आणि पीडीएफ काढून वेगळी ठेवा. रिपीट ऑर्डर किंवा मॉडिफिकेशन आलं, की त्या वेळी तेवढंच टूल नव्याने बांधा. आणि क्रिओची एक तरी सीट जिवंत ठेवा.

त्या सीटबद्दल एक धोक्याची सूचना. पीटीसीने कायमची लायसन्स विकणं 2019 च्या सुरुवातीपर्यंत जगभर बंद केलं, ऑटोडेस्कने त्याच्याही आधी, 2016 मध्ये. तुमच्याकडे त्यापूर्वी घेतलेली कायमची लायसन्स असतील तर ती सोनं आहेत, मेंटेनन्स भरला नाही तरी त्या आवृत्तीवर जुन्या फायली उघडतात. "जुनी जमा करा, सबस्क्रिप्शनमध्ये सवलत देतो," अशी ऑफर आली तर सही करण्याआधी मालकांना कागद दाखवा. सबस्क्रिप्शन संपलं की आपलीच ड्रॉइंग आपल्याला उघडता येत नाहीत, ही गोष्ट कित्येक छोट्या मालकांच्या लक्षात पहिल्या वर्षी येतच नाही. खर्चाची तुलना पाच वर्षांची करा : सीट, मेंटेनन्स, प्रशिक्षण, स्टँडर्ड पार्टची लायब्ररी आणि टायटल ब्लॉक पुन्हा बसवण्याचे दिवस, आणि पहिले काही महिने कामाचा वेग पडेल त्याचे पैसे.

"मग दोन्ही ठेवू, कशाला भांडण," हा मधला मार्ग तुमच्या मनात येईल, आणि मालकांनाही आवडेल. नऊ माणसांच्या ऑफिसात मी त्याच्या विरोधात आहे. एअरबसचं ए-380 आठवतं? हॅम्बुर्गचे लोक कॅटिया व्ही-4 वर, तूलूझचे व्ही-5 वर. एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर, फक्त दोन पिढ्या. विमानात 500 किलोमीटरहून जास्त वायरिंग, आणि 2006 मध्ये प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी हॅम्बुर्गहून आलेल्या वायरिंगच्या तारा जागेवर पुरेनात, कारण एका बाजूचा बदल दुसऱ्या बाजूच्या मॉडेलमध्ये नीट उतरला नव्हता. विमान सुमारे दोन वर्षं लांबलं. तिथे हजारो इंजिनिअर होते. तुमच्याकडे एक टूल अर्धं क्रिओत आणि अर्धं सॉलिडवर्क्समध्ये असेल, तेव्हा कुठली स्टेप शेवटची हे रात्री साडेनऊला कोण सांगणार? मुख्य पॅकेज एकच ठेवा. दुसऱ्याची एखादी सीट ग्राहकासाठी किंवा जुन्या डेटासाठी, आणि ती कुणाची हे नावानिशी ठरवा.

तुम्ही माझं मत विचारलंत तर, हातात तुमच्या ग्राहकांची यादी नसताना, माझा कल असा : बहुतेक ग्राहकांना स्टेप आणि पीडीएफ चालत असेल आणि क्रिओची कायमची लायसन्स हातात असतील, तर दोन वर्षं तरी क्रिओवर थांबा आणि तेवढ्यात डेटा सुटसुटीत करून घ्या. नवीन भरती जमत नाहीये, मुलं सहा महिन्यांत सोडून जातायत असं आकड्यांत दिसलं, तर सॉलिडवर्क्सवर जा, पण दिवाळीनंतरच्या मोकळ्या काळात एका नव्या जॉबपासून, चालू टूल अर्ध्यात सोडून नाही. प्रेस टूल आणि फिक्स्चरला दोन्ही पुरेशी आहेत. तुमच्या कामाची मर्यादा सॉफ्टवेअर नाही.

तुमच्यासारखीच विचारणा इतरांचीही येते, विशेषतः "कॅटिया करू की एनएक्स, कुठल्याने नोकरी लागेल" असं विचारणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची. त्यांना इथेच सांगते. ज्या गावात, ज्या कंपन्यांत काम हवं तिथल्या जाहिराती बघा आणि एक पॅकेज खोलवर शिका. दुसरं नोकरीत येतं. कोर्सच्या फीपेक्षा ड्रॉइंग वाचायला, टॉलरन्स समजायला आणि एकदा तरी शॉपवर उभं राहायला जास्त वेळ द्या. आणि घरी क्रॅक केलेल्या कॉपीवर शिकू नका. सॉलिड एजची विनामूल्य आवृत्ती आहे, ऑनशेप सार्वजनिक कामासाठी फुकट आहे, आणि फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. स्केच, कन्स्ट्रेंट, फीचर, असेंब्ली ही वर्णमाला तिथेही तीच आहे.

आता त्या मुलाकडे येते. हे लिहायला मला जरा वेळ लागला.

1992 मध्ये आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले, ऑटोकॅड रिलीज 11. मी तेव्हा तिथली सगळ्यात लहान. आमचे एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई ते अर्ध्या ब्लेडने अशी खरवडायचे की अमोनिया प्रिंटमध्ये डागही दिसत नसे. मी दोन महिन्यांत प्लॉटरवरून ड्रॉइंग काढायला लागले आणि एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, आता ब्लेड फेकून द्या." ते हसले. पुढच्या आठवड्यात माझ्याच प्लॉटवर त्यांनी पेन्सिलने एक गोल केला. मी काउंटरबोअरमध्ये अ‍ॅलन बोल्ट दाखवला होता, पण वरच्या प्लेटमुळे त्याला चावी लावायला जागाच नव्हती. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त तो गोल केला. त्यांना माउस शिकवायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. दीड वर्षाने ते निवृत्त झाले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून मी त्या मुलाला ओळखते. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा होता, पण तो तुमचा तिरस्कार करतो असं मला वाटत नाही. जे आपल्याला येतं ते मोठ्या माणसाने बघावं, अशी त्याची धडपड आहे. बोलण्याची सुरुवात तुम्हीच करा, तुम्ही मोठे आहात म्हणून. सगळ्यांसमोर नको, मालकांसमोर तर नकोच. ते वाक्य मला लागलं, हे त्याला सरळ सांगा, आणि ते एकदाच. त्याने माफी मागितली तर घ्या, नाही मागितली तरी काम सुरू करा. अहवालातला सॉलिडवर्क्सचा भाग त्याला लिहू द्या, त्याच्या नावाने.

शनिवारी दुपारी शॉप रिकामं झालं की त्याला तुमच्या खुर्चीत बसवा आणि पहिली मॅपकी कशी लिहायची ते दाखवा. मग तुम्ही त्याच्या खुर्चीत बसा, एक डाय प्लेट उघडा आणि डावीकडे सरकवून बघा. कंट्रोल धरून. शिफ्ट नाही.